अनोळखी गच्चीवरचं गाणं

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की बडोद्यात आमच्या गोरवा भागातली माणसं वर बघून चालायला लागतात. खाली खड्डे असतात, गाई असतात, कधीकाळी खणून ठेवलेला नळाचा चर असतो. पण त्या दिवसांत जमिनीवरच्या गोष्टींना कुणी फारसं महत्त्व देत नाही. वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो. रस्त्याकडेला दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्याला गुलाबी मांजा चढवणारे दिसू लागतात. उसाच्या मोळ्या भिंतींना टेकतात. फरसाणाच्या दुकानांत उंधियूची मागणी आधीच लिहून घेतात, आणि तिथल्या रांगेत लग्नाच्या याद्यांवरून होतात तसली भांडणं होतात.

आज सकाळी समोरच्या घरातले दोघे भाऊ कपाटाएवढा स्पीकर गच्चीवर चढवत होते. जिन्याच्या वळणावर तो अडकला.

"तुं जरा सरक ने," वरचा म्हणाला.

"सरकुं क्यां? भींतमां?" खालचा म्हणाला.

मी खिडकीत चहा घेत होतो आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. 'सरक जरा' एवढे शब्द कानांवर पडले की मला तीन वर्षांपूर्वीचं उत्तरायण आठवतं. त्या वर्षी आमच्या गच्चीवर एक गाणं लावायला सक्त बंदी होती. गाणं आमच्याच घरातलं होतं.

बाहेरगावच्या माणसांना वाटतं, उत्तरायण हा पतंगांचा सण. पतंग आहेतच, पण बडोद्यात तो त्याहून जास्त आवाजाचा सण आहे. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं, मधूनमधून पिपाण्या आणि कुणाचा पतंग कापला की 'काप्यो छे'चा गजर, असं दोन दिवस चालतं. मी एकतीस वर्षं ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली काढली. तेव्हा या सणाबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको. पण निवृत्त झाल्यावर मी एकदा दिवसभर गच्चीवर बसून नीट ऐकलं आणि मला एक गंमत दिसली. सकाळी दहा गच्च्यांवर दहा गाणी असतात. मग एखाद्या गच्चीवरून शेजारी हाक जाते, "ओ भाई, कयुं गीत छे?" तिकडून नाव ओरडून सांगितलं जातं. पंधरा मिनिटांत ते गाणं इकडेही लागतं. जे आवडत नाही ते जिथे लागलं तिथेच मरतं. दुपारपर्यंत अख्ख्या भागात चार-पाच गाणी उरतात. त्यांची निवड करायला कुणी समिती नेमलेली नसते, परीक्षक नसतात, पुढच्या रांगेत सोफे नसतात.

रांगेवरून आठवलं. आमचे पणजोबा संस्थानाच्या कारभारात होते आणि दरबारात त्यांची जागा सतरावी होती. ते कारभारात नेमकं काय करत हे घरात कुणालाही सांगता येत नाही. जागा मात्र सगळ्यांना पाठ. सोळावे गृहस्थ कोण होते आणि त्यांनी ती जागा कशी मिळवली याबद्दलची नाराजीसुद्धा आम्ही चार पिढ्या जपून ठेवलेली आहे. केतकीच्या गाण्याचं पुढे जे झालं ते म्हणूनच आमच्या घरात होऊ शकलं. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं.

केतकी ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमचं घर म्हणजे बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात तसलं, रांगेत एकाला एक चिकटलेलं. खाली मी, वर दादा आणि वहिनी, त्याच्यावर गच्ची. केतकी वाघोडियाला एका कारखान्यात सुट्या भागांची दर्जातपासणी करते. सकाळी कंपनीच्या बसने जाते, संध्याकाळी त्याच बसने येते. तिचा आवाज लहानपणापासून जाड. थोडा चिरलेला, खालच्या सुरांत रेंगाळणारा. मराठी मंडळाच्या गायन स्पर्धेत तिला दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळे आणि परीक्षक दरवर्षी म्हणत, "तयारी छान आहे. घशाकडे लक्ष द्या." वहिनी बिचारी तिच्या दप्तरात ज्येष्ठमधाच्या काड्या घालत राहिली.

मग कॉलेजात असताना सयाजीगंजच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका मणिपुरी मैत्रिणीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. जुनी सोल गाणी, अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी गायलेली. त्या संध्याकाळी केतकी थेट माझ्या ग्रंथालयात आली आणि पाटीकडे न बघता ओरडली, "काका, माझ्यासारख्या आवाजाच्या बायका आहेत! आणि त्यांना कुणी ज्येष्ठमध देत नाही!"

वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या. मी तिला गप्प करायला हवं होतं. केलं नाही.

माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्या विषयावरची पुस्तकं काढून वाचली. चर्चमधल्या समूहगानातून हे गाणं कसं आलं, पुढे त्यात नाचाचा ठेका कसा मिसळला, छोट्या तबकडीवर एकेक गाणं सुटं कसं विकलं जायचं, आणि दर आठवड्याला कोण कितव्या जागेवर आहे याच्या याद्या कशा लागायच्या. मला तो थेट दरबारच वाटला. फरक एवढाच की तिथल्या मानकऱ्यांना दर आठवड्याला उठवून नव्याने बसवत. पणजोबांना हे झेपलं नसतं. हे सगळं मी केतकीला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "काका, वाचू नको. ऐक."

ऐकलं. एक बाई आनंदाचं गाणं गात होती, ठेका असा की पाय आपोआप हलावा. पण आवाजावरून वाटत होतं की हा आनंद तिला सहज मिळालेला नाही, फार उशिरा आणि भांडून मिळालाय. तीन मिनिटांत गाणं संपलं. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "ठीक आहे." केतकी हसली. तिला माझं 'ठीक आहे' चांगलं ओळखता येतं.

तिचं स्वतःचं गाणं झालं ते पुढे ती नोकरीला लागल्यावर, त्या उत्तरायणाआधीच्या दिवाळीनंतर. तिच्याच कारखान्यात असलेला हार्दिक नवरात्रात गरब्याच्या ताफ्यात कीबोर्ड वाजवतो. गोरव्यातल्या त्याच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून त्यांनी ध्वनिमुद्रण केलं. खोलीच्या मागे पत्र्याची शेड. तिथे पत्रा कापायची प्रेस दिवसभर चालते: धप्प-टक, धप्प-टक. दोन आठवडे त्यांनी तो आवाज गाळायची खटपट केली. शेवटी हार्दिक वैतागून म्हणाला, "रेवा दे ने. आना पर ज बनाविए." राहू दे, यावरच बांधू. आणि खरोखरच त्या धप्प-टकवर त्यांनी सगळं गाणं उभं केलं. वर कीबोर्ड, टाळ्या, आणि केतकीचा तो घशाकडे लक्ष न दिलेला आवाज.

गाण्याचं नाव 'सावलीची जागा'. बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणाला तरी ती सांगते:

सावलीची जागा तुझी, उन्हाची बाजू माझी,
सरक जरा, सरक जरा, सकाळ आहे ताजी.

"केतकी," मी म्हटलं, "'सरक जरा' ही कविता नव्हे. ती कंडक्टरची सूचना आहे."

"तेच तर," ती म्हणाली.

मग म्हणाली, "काका, मला यातून एकच कळायचंय. ज्याला मी माहीत नाही, बाबा माहीत नाहीत, आपलं मंडळ माहीत नाही, असा एक तरी माणूस हे गाणं दुसऱ्यांदा लावेल का? स्वतःहून. बस, एवढंच."

ती हे माझ्याशी बोलली. दादाशी बोलली असती तर पुढचं टळलं असतं. कदाचित नसतंही.

दादाने सगळी नोकरी एका रिफायनरीत पाळ्यांचे तक्ते लावण्यात घालवली. जगातले बहुतेक प्रश्न पाळ्या नीट न लावल्यामुळे निर्माण होतात असं त्याचं मत आहे. ज्या ॲपवर केतकीचं गाणं आलं होतं, तिथे शहरात सध्या काय ऐकलं जातंय याची यादी असते, पन्नास गाण्यांची, रोज बदलणारी. ही यादी दादाच्या नजरेस पडली आणि त्याच्यातला पणजोबांचा पणतू जागा झाला. त्याने एका ताव कागदावर रेघा मारल्या. पहिली पाळी: सकाळी लवकर उठणाऱ्या सगळ्या मावश्या. दुसरी पाळी: सुना आणि जावई. रात्रपाळी: ज्यांना तशीही झोप येत नाही ती ज्येष्ठ मंडळी. प्रत्येकाने आपल्या फोनवर गाणं सतत चालू ठेवायचं. बदली माणूस हजर झाल्याचा निरोप आल्याशिवाय फोन बंद करायचा नाही.

आमच्या आत्याला त्या ठेक्याने डोकं दुखे. तिने पाळी चुकवली नाही. फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. आठ आठ तास ते गाणं तांदळाने ऐकलं.

मी नकार दिला. दादाने मला 'राखीव' या रकान्यात लिहून ठेवलं.

केतकीला यातलं काही माहीत नव्हतं. गाणं यादीत शिरलं, वर सरकलं आणि एका सकाळी सतराव्या जागेवर येऊन उभं राहिलं. सतराव्या! दादाने मला वर बोलावलं, फोन दाखवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पणजोबांची जागा," तो म्हणाला.

लगेच मंडळाने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी गाणं ऐकलेलं नाही असे प्रमुख पाहुणे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सोल म्हणजे आत्मा. ते आत्म्यावर चाळीस मिनिटं बोलले. आत्मा अविनाशी आहे हे त्यांनी सांगितलं तेव्हा भाषणाबद्दलही तीच शंका येऊ लागली होती. केतकी समोर बसली होती, नव्या साडीत, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी तिच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही. ती मनातल्या मनात त्या अनोळखी माणसांची मोजदाद करत होती. मला ठाऊक होतं ती माणसं कोण आहेत. त्यातली निम्मी त्याच सभागृहात वेफर खात होती. मी टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी ॲपवाल्यांचा निरोप आला. तुमचं गाणं कृत्रिम रीतीने वाजवलं गेल्याचं आढळलं आहे, सबब ती सगळी गणती वजा केली आहे. यादीत गाणं सतरावं नव्हतं, पन्नासावंही नव्हतं. कुठेच नव्हतं.

केतकी फोन घेऊन दादासमोर उभी राहिली. "बाबा, हे काय आहे?"

आणि दादाने, मला अजून त्याचं आश्चर्य वाटतं, कपाटातून तो ताव काढला आणि अभिमानाने तिच्यासमोर पसरला. "बघ. एक पाळी चुकलेली नाही. एकही!"

तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सुटे भाग तपासते तसा, एकेक ओळ. मग म्हणाली, "बाबा, आता मला कधी कळणारच नाही."

"अगं, काय कळणार नाही?"

ती माझ्याकडे वळली. "काका, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग शाल घालत होते तेव्हा टाळ्या का वाजवल्यास?"

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो.

तिने माईक खोक्यात घातला. दुसरं गाणं अर्धं झालं होतं, ते तिथेच थांबलं. हार्दिक दोनदा येऊन गेला, वहिनीच्या हातचा चहा पिऊन परत गेला. शेवटी जानेवारीच्या सुरुवातीला तिने आम्हा तिघांना समोर बसवलं आणि अट सांगितली. उत्तरायणापर्यंत ती वाट बघणार. घरातल्या कुणी ते गाणं फोनवर लावायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही, कुणाशी त्याचा विषय काढायचा नाही. उत्तरायणाच्या दिवशी आपल्या गच्चीवर तर नाहीच नाही. "आणि त्या दिवशी कुठूनही ऐकू आलं नाही, तर हा माईक हार्दिकला देऊन टाकणार. मग कुणी मला गा म्हणायचं नाही."

"भावजी, हिला सांगा ना काही," वहिनी मला म्हणाली.

मी काय सांगणार? मी राखीव माणूस.

त्या दिवशीची सकाळ मला तपशिलासकट आठवते. उत्तरेचा मऊ, एकसारखा वारा. कोवळं ऊन, अंगात स्वेटर आणि डोळ्यांवर गॉगल. बोटांना चिकटपट्ट्या. वहिनीने एका ताटात तिळगूळ आणि दुसऱ्यात जिलबी ठेवली होती. आमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी घरांत संक्रांत आणि उत्तरायण एकाच गच्चीवर येतात आणि दोघींचं पोट भरावं लागतं. आकाशात इतके पतंग की ते पक्ष्यांचं आहे हे विसरायला व्हावं. आणि चहूबाजूंनी गाणी. आमचा स्पीकर दादाच्या ताब्यात होता. एकच गाणं लावायला बंदी, म्हणून त्याने रागाने जुनी भावगीतं लावली. एकाही गच्चीवरून "कयुं गीत छे" अशी हाक आली नाही.

केतकी पतंग उडवत होती. फिरकी धरायला वहिनी. केतकीची नजर वर होती, पण मी तिला ओळखतो. ती पतंग बघत नव्हती, ऐकत होती. प्रत्येक नवं गाणं सुरू झालं की तिचा हात क्षणभर थांबायचा आणि तेवढ्यात कुणीतरी तिचा पतंग कापायचं. सकाळभरात अकरा कापले गेले. एरवी पतंगात ती कुणाला ऐकत नाही.

"काप्यो छे!" पलीकडून आरोळी आली की दादा तिकडे बघून म्हणायचा, "आज पोरीचं लक्ष नाही म्हणून, नाहीतर..."

बारा वाजले. एक वाजला. उंधियू आलं, खाल्लं, सगळ्यांना सुस्ती आली. माणसं गच्चीतल्या सावलीच्या पट्ट्यात टोप्या तोंडावर घेऊन आडवी झाली. अडीचच्या सुमारास वारा पडला आणि अर्धे पतंग आपोआप खाली यायला लागले. केतकी कठड्यावर बसून बोटांच्या पट्ट्या काढत होती. एकेक पट्टी सोलायची आणि गोळा करून बाजूला ठेवायची. मला ते बघवेना.

तेवढ्यात आवाज आला. धप्प-टक. धप्प-टक.

"प्रेस चालू झाली वाटतं," वहिनी म्हणाली.

"आज? उत्तरायणाला कुठली प्रेस?" दादा उठून बसला.

मग टाळ्या आल्या. मग केतकीचा आवाज आला, स्पीकरमधून, गच्च्यांवरून, दुपारच्या उन्हातून, जाड आणि चिरलेला आणि अजिबात न लाजणारा.

केतकीने आकाशाकडे नाही, दादाकडे पाहिलं.

दादाने दोन्ही हात वर केले. "माझी पाळी नाही! शपथ!"

"तो कागद कुठाय?"

"तो मीच फाडला," वहिनी म्हणाली. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी भजी तळली, त्याखाली घातला. तेल टिपायला."

"कुणाला तिळगुळाबरोबर पेन ड्राइव्ह पाठवला? आत्याला? खरं सांगा, बाबा."

"अगं, नाही गं बाई!"

तिचा विश्वास बसेना, आणि तिचं चूक नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "काका, तू जा. बघून ये कोण आहे. तू या घरातला एकटा माणूस आहेस ज्याला हे गाणं आवडत नाही."

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"जा."

मी खाली उतरलो. उत्तरायणाच्या दुपारी बडोद्याच्या गल्ल्या जितक्या रिकाम्या असतात तितक्या संचारबंदीतही नसतील. सगळी वस्ती डोक्यावर. खाली फक्त तुटलेले दोरे, उसाची चिपाडं, कडेला एक कुत्रं, आणि वरून ओतला जाणारा आवाज. मी आवाजामागे चाललो. दोन गल्ल्या ओलांडल्या, एका बंद पिठाच्या गिरणीपाशी वळलो, आणि एका फिकट हिरव्या घरासमोर उभा राहिलो. या घरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं. उत्तरायणाला दारं उघडीच असतात. मी जिना चढलो.

वर पंधरा-वीस माणसं होती आणि त्यातल्या एकाही चेहऱ्याला मी ओळखत नव्हतो. माझ्या आयुष्यात मला याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

"आवो आवो, काका!" एका ठेंगण्या बाईने मला कोण, कुठला, काही न विचारता हातात उंधियूची थाळी दिली. "पहेलां खाओ, पछी वात." आधी खा, मग बोलू.

"हे गाणं," मी म्हटलं, "कुणी दिलं तुम्हाला? कोणे आप्युं?"

बाईंनी आपल्या सुनेकडे बोट केलं. सून स्पीकरजवळ नाचत होती. नाचता नाचताच म्हणाली, "मारा डान्स क्लासवाळा बेने मोकल्युं." नाचाच्या क्लासच्या बाईंनी पाठवलं.

"आणि त्यांना?"

"शुं खबर, काका! सारुं छे, एटले वगाडिए छीए."

चांगलं आहे म्हणून वाजवतो. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, त्या बेन कोण, कुठे राहतात. ज्या नावाने आमच्या घराशी धागा जुळेल असं एकही नाव निघालं नाही. साखळी अनोळखी माणसांत शिरली आणि तिथेच नाहीशी झाली. मग मी समाधानाने उंधियू खायला सुरुवात केली. तोपर्यंत गाणं संपलं होतं. सुनेने ते पुन्हा लावलं.

कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते हाताने ठेका धरून म्हणाले, "आ तो प्रेस बोले छे! आखी जिंदगी चलावी छे में." सगळी जिंदगी चालवलीय मी. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. उरलेल्या तीन बोटांनी ते मांडीवर धप्प-टक वाजवत होते, आणि खूश होते.

"तमे मराठी?" त्या बाईंनी मला विचारलं. "तो समजावो ने, शुं कहे छे आमां?"

आणि ज्या गाण्याला मी कंडक्टरची सूचना म्हटलं होतं, त्याचा अर्थ मला एका परक्या गच्चीवर, हातात थाळी घेऊन, माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगावा लागला. सांगितलं: बसमध्ये दोघं आहेत. एका बाजूला सावली आहे, एका बाजूला ऊन. ती म्हणतेय, सावलीत तू बस. तू सरक.

बाईंनी एकदा वर उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एटले तडको पोते ले, एम ने?" म्हणजे ऊन ती स्वतः घेते, असंच ना?

"हो," मी म्हटलं. "असंच."

त्यांनी आपल्या नवऱ्याकडे वळून आवाज चढवला, "सांभळ्युं? शीखो कंइक!" ऐकलंत? शिका काहीतरी! गच्ची हसली. नवऱ्याने निमूटपणे आपली सावलीतली खुर्ची सरकवली.

त्या क्षणी माझ्या जिभेच्या टोकावर चार शब्द येऊन उभे होते: ही माझी पुतणी गाते. असा मोह कुणी आवरल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. पण ते चार शब्द उच्चारले असते तर हे घर त्याच क्षणी ओळखीचं झालं असतं, आणि मला एक अनोळखी घर अखंड घेऊन परत जायचं होतं.

"बऊ सरस गाय छे," बाई म्हणाल्या. फार छान गाते. "तमे सांभळ्युं हतुं पहेलां?"

"हो," मी म्हणालो. "कुठेतरी ऐकलंय."

तेवढ्यात डावीकडच्या गच्चीवरून हाक आली, "ओ बेन, कयुं गीत छे?" सुनेने तोंडापाशी दोन्ही हात धरून नाव ओरडून सांगितलं. तिथून ते आणखी पलीकडे गेलं. मी जिना उतरेपर्यंत तीन गच्च्यांवर तेच गाणं होतं. तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर, एकमेकांत मिसळत नसलेली, त्यामुळे रिकाम्या गल्लीत मला केतकी तीन बाजूंनी तीन गोष्टी सांगत असल्यासारखी ऐकू येत होती. कुठे सावली, कुठे ऊन, आणि सगळीकडून 'सरक जरा'. पडलेला वारा पुन्हा उठला होता. वर एकामागून एक पतंग सुटत होते. मी भर रस्त्यात, वयाला न शोभेल असा, त्या धप्प-टकवर पावलं टाकत चाललो होतो. बघायला फक्त ते कुत्रं होतं.

पुढचं आताच सांगून टाकतो, कारण मला शेवटी आमच्या गच्चीवर पोचायचंय. त्या आठवड्यात गाणं यादीत परत आलं, या वेळी कुणाच्याही पाळीशिवाय. आधी अगदी खाली होतं, मग मध्ये, आणि हळदीकुंकवांचे दिवस संपायच्या आत पहिलं. पणजोबांच्या सोळा जागा पुढे. मंडळाने पुन्हा सत्काराचं पत्र पाठवलं. केतकीने कळवलं की शाल आधीची आहे, नवी नको. दुसरं गाणं पूर्ण झालं, तिसरंही. माईकचं खोकं सध्या वहिनी कांदे ठेवायला वापरते. याद्यांबद्दल माझं मत अजून फारसं बदललेलं नाही. दरबार तो दरबारच. पण पहिल्या जागेवर घरचं माणूस बसलं की दरबाराकडे थोडं सहानुभूतीने बघता येतं, हेही खरं.

मी गच्चीवर पोचलो तेव्हा तिघेही जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"कुणाचं घर?" केतकीने विचारलं.

"हिरवं आहे. गिरणीच्या मागे."

"काका! कुणाचं?"

"नाव सांगितलं त्यांनी. मी ओळखत नाही. दादा, तूही नाहीस. ज्या बाईने त्यांना गाणं पाठवलं तिला आपण ओळखत नाही. तिला कुणी पाठवलं, ते त्यांनाही माहीत नाही."

"मराठी आहेत?"

"नाही. अर्थ मलाच सांगावा लागला."

"तू सांगितलास त्यांना? मी कोण ते?"

"नाही."

"किती वेळा लावलं?"

"मी तिथे असताना तीनदा. आणि त्यातलं एकदाही मी सांगितलं म्हणून नाही."

ती कठड्यापाशी गेली. आता समोरून, मागून, गिरणीच्या बाजूने, मोजता येणार नाही इतक्या ठिकाणांहून तिचाच आवाज येत होता. समोरच्या घरातले ते दोघे भाऊ, ज्यांनी तिला वर्षानुवर्षं बसला जाताना पाहिलं होतं, तेही हात वर करून नाचत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. केतकीने तोंडावर ओढणी धरली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते त्या आवाजात कळत नव्हतं, आणि बहुधा तिलाही कळत नव्हतं. मग तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि मागे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "आता लावा. तुम्हीपण लावा."

दादा सकाळपासून ज्या स्पीकरशेजारी बसून होता, त्याच्यावर त्याचा हात होता. त्याने आमची भावगीतं बंद केली. आमची गच्ची एकदम शांत झाली आणि बाकीच्या सगळ्या गच्च्या आणखी मोठ्याने ऐकू आल्या. दादा थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने स्पीकरची वायरच काढली, नीट गुंडाळली, खुर्ची ओढून सावलीत ठेवली आणि पाय लांब करून बसला.

"नको," तो म्हणाला. "त्यांची पाळी चालू आहे. आज आपला वीकली ऑफ."